श्रीलंकेची रेल्वे : एलाचा फोटो नंतर काढा, आधी रम्बुक्कनाला खिडकी पकडा

आधी मार्क सांगून टाकते, म्हणजे ज्यांना एवढं लांबलचक वाचायचा कंटाळा येतो ते सुटतील. प्रवासाला पाचपैकी साडेचार, तिकीट मिळवायच्या भानगडीला पाचपैकी दीड, आणि गाडीत मिळणाऱ्या वड्यांना सहा. आता ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी सविस्तर.

श्रीलंका ट्रेन म्हटलं की फेसबुक-इन्स्टावर एकच फोटो येतो, निळी गाडी, दारातून अर्धी बाहेर लोंबकळणारी मुलगी, मागे चहाचे मळे. फोटो खोटा नाहीये, पण त्याच्यापायी झालंय काय की सगळे टूरवाले कँडी ते एला एवढाच तुकडा विकतात, आणि या लाईनवरच्या सगळ्यात भारी गोष्टी एक तर कँडीच्या मागे राहतात नाहीतर एलाच्या पुढे. माझं म्हणणं एवढंच आहे की कोलंबो फोर्टला बसा आणि शेवटच्या बदुल्ला स्टेशनपर्यंत जा, मधे कँडीला, हॅटनला, हपुतलेला कुठेही मुक्काम करा, पण लाईन पूर्ण करा. सुमारे २९० किमी, आणि सलग गेलात तर दहा तासांच्या आसपास. हो, दहा तास, बरोबर वाचलंत, ज्यांना वंदे भारतची सवय झालीय त्यांनी इथेच थांबून टॅक्सी बघावी.

आम्ही गेलो ते मी, नवरा, मुलगी आणि सासरे. अण्णा, म्हणजे सासरे, मध्य रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेत, कल्याण, लोणावळा, पुणे यातच सगळी नोकरी गेली. या माणसाला समुद्र दाखवा, देऊळ दाखवा, हत्ती दाखवा, "छान आहे" म्हणणार आणि खाली बसायला जागा शोधणार, पण रूळ दिसले की खडखडीत जागा. त्यामुळे हा रिव्ह्यू अर्धा माझा आणि अर्धा त्यांचा आहे, टेक्निकल काही चांगलं वाटलं तर श्रेय त्यांना.

इतिहासाचं थोडं सांगते कारण त्याशिवाय ही लाईन अशी वेडीवाकडी डोंगरात का शिरलीय ते कळत नाही. तेव्हा ते सिलोन, इंग्रजांचं राज्य, आणि कँडीच्या डोंगरात कॉफी. चहा नाही, कॉफी! ती कॉफी बैलगाड्यांनी कोलंबोच्या बंदरात उतरवायची म्हणजे दिवसच्या दिवस जायचे, म्हणून मळेवाल्यांनी रेल्वेसाठी सरकारच्या मागे धोशा लावला. आधी एक कंपनी काढली, १८५८ मध्ये गव्हर्नरच्या हस्ते कुदळही मारली, पण खर्चाचे आकडे बघून सगळं फिसकटलं, शेवटी कंपनी गुंडाळून सरकारने स्वतः काम अंगावर घेतलं. २७ डिसेंबर १८६४ ला कोलंबो ते अंबेपुस्सा अशी ५४ किमीची पहिली गाडी धावली, लोकांसाठी रीतसर वाहतूक सुरू झाली १८६५ मध्ये, आणि १८६७ ला रेल्वे कँडीला पोचली.

आता यातली आपल्या कामाची गोष्ट. ही लाईन बांधायचं कंत्राट घेतलं होतं विल्यम फेव्हिएल नावाच्या इंग्रजाने, आणि बोरीबंदर ते ठाणे, १८५३ ची आपली पहिली रेल्वे, ती बांधणाऱ्या कंत्राटदारांमध्ये हाच फेव्हिएल होता! पुढे त्याने बोरघाटाचंही काम घेतलं, पण १८५९ मध्ये पगारावरून मजुरांचा मोठा दंगा झाला आणि त्याच वर्षी त्याने ते कंत्राट सोडलं. मग ते ट्रेडवेल नावाच्या दुसऱ्या कंत्राटदाराकडे गेलं, तो इथे येऊन थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला आणि त्याच्या बायकोने, अॅलिसने, काम तडीस नेलं, हे आपल्याकडे पुष्कळांना माहीत असतं. पण आधीच्या फेव्हिएलचं पुढे काय झालं हे कोणी विचारत नाही. तर तो सिलोनला गेला, आणि बोरघाटात अर्धवट सोडलेलं घाटाचं काम तिकडे कडुगन्नावाच्या घाटात पूर्ण करून दाखवलं. अण्णांना हे वाचल्यापासून तो माणूस आपल्या डिव्हिजनमधून ट्रान्सफर होऊन गेल्यासारखाच वाटत होता, विमानात तीनदा सांगून झालं.

आणि कॉफीचं काय झालं तर १८६९ मध्ये पानांवर तांबेरा आला आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत सगळे मळे बसले. जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने १८६७ मध्ये, म्हणजे रेल्वे कँडीला आली त्याच वर्षी, लूलकंदुरा इस्टेटवर १९ एकरात चहा लावला होता, मग सगळे तिकडे वळले. चहाला उंची हवी, म्हणून रेल्वेही चहाच्या मागे मागे वर चढत गेली. नावलपिटिया १८७४, नानू ओया १८८५, बंडारवेला १८९४, आणि शेवट बदुल्ला १९२४. म्हणजे पहिली गाडी ते शेवटचं स्टेशन, साठ वर्षं! मळ्यांवर राबायला तमिळनाडूतून माणसं नेली, रेल्वेच्या कामावरही तीच, घाटात मलेरियाने किती मेली असतील त्याला गणती नाही. आज गाडीतून मळ्यातल्या बायका पाठीवर पिशव्या घेऊन पानं खुडताना दिसतात आणि आपण पटापट फोटो काढतो, त्या त्याच लोकांच्या नाती-पणत्या आहेत आणि अजून तशाच बैठ्या लाईनच्या खोल्यांत राहतात, हे डोक्यात राहिलं की फोटो जरा कमी निघतात.

बरं, प्रत्यक्ष प्रवास. फोर्ट स्टेशनची इमारत १९१७ ची, बाहेर ऑल्कॉटचा पुतळा, हो तोच थिऑसॉफिकल सोसायटीवाला, अड्यारचा, त्याला तिकडे फार मान आहे. स्टेशन आपल्या एखाद्या जुन्या जंक्शनसारखं, गर्दी भरपूर पण धक्काबुक्की नाही. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, आपलाच, पाच फूट सहा इंच, त्यामुळे डब्यात शिरल्यावर काही परकं वाटत नाही. इंजिनं-डबेही बरेचसे आपल्याकडचे, वाराणसीच्या कारखान्याची डिझेल इंजिनं, चेन्नईच्या आयसीएफ कारखान्याच्या गाड्या, बाकी फोटोतली ती निळी गाडी मात्र चीनची. वीज कुठेही नाही, सगळा डिझेलचा कारभार, आणि तो धूर बोगद्यात खिडकी उघडी असेल तर नाकात बसतो हेही आत्ताच सांगून ठेवते.

कोलंबोहून निघाल्यावर पहिला दीडेक तास सपाट, भातखाचरं, नारळ, केळी, थेट आपलं तळकोकण, यावर जास्त लिहीत नाही. रम्बुक्कना आलं की मात्र मोबाईल खाली ठेवा आणि उजवीकडची खिडकी पकडा. इथून कडुगन्नावापर्यंत घाट आहे, वीसेक किलोमीटरमध्ये गाडी सुमारे ४०० मीटर चढते, चढ ४५ ला १, म्हणजे ४५ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. अण्णांनी लगेच जाहीर केलं की आपला बोरघाट ३७ ला १ आहे, म्हणजे आपला जास्त अवघड, आणि मग पुढचा अर्धा तास तोंडातून शब्द नाही! कारण बोरघाटात आपण जातो ते तीन लाईन, विजेच्या तारा, मागून ढकलणारं बँकर इंजिन, खाली एक्स्प्रेसवे, सगळा कारखाना झालाय त्याचा. इथे एकच रूळ, कड्याला चिकटून, खाली एकदम दरी आणि दरीत भाताच्या पायऱ्या. एक ठिकाण आहे, सेन्सेशन रॉक म्हणतात, तिथे डावीकडे खिडकीतून हात काढला तर कातळ लागेल आणि उजवीकडे काहीच नाही, नुसती हवा, पार लांब तो सपाट माथ्याचा बायबल रॉक. वाफेच्या इंजिनांच्या जमान्यात रम्बुक्कनाला मागून दुसरं इंजिन लावूनच गाड्या वर ढकलायचे. आता डिझेल एकटंच ओढतं पण त्याचा आवाज असा काही घुमतो की बोलणं बंदच होतं आपोआप.

आणि गंमत म्हणजे हा तुकडा बहुतेक पर्यटक बघतच नाहीत, कारण कँडीपर्यंत टूरची गाडी नेते, ट्रेन नंतर. मला विचाराल तर पूर्ण लाईनवर देखाव्याच्या बाबतीत पहिला नंबर याचा.

कडुगन्नावाला २०१४ मध्ये, रेल्वेला १५० वर्षं झाली तेव्हा, रेल्वे म्युझियम केलंय, जुनी इंजिनं वगैरे. आमच्या गाडीतून ते नुसतं समोरून गेलं आणि अण्णांची मान खिडकीतून बाहेर वळत वळत गेली. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी कँडीहून परत येऊन बघा, जवळच आहे.

कँडीबद्दल एक प्रॅक्टिकल गोष्ट. कँडी मुख्य लाईनवर नाही, पेरादेनियाहून फुटलेल्या फाट्यावर आहे, म्हणून कँडीत शिरणाऱ्या गाडीला तिथून तोंड फिरवूनच निघावं लागतं, इंजिन पुढून काढून मागे लावतात. तुम्ही ज्या दिशेला तोंड करून बसला होतात ती उलटी होते आणि उजवी-डावी बाजूही बदलते. काही गाड्या कँडीत शिरतच नाहीत, त्या पेरादेनियाहूनच पुढे जातात, तेव्हा तिकीट काढताना कुठलं स्टेशन ते नीट बघा. पोडी मेनिके नावाची गाडी कँडीत जाते, उडरट मेनिके नावाची जात नाही.

कँडीच्या पुढे गंपोला, नावलपिटिया, हॅटन करत गाडी वर जाते. हॅटनला श्रीपाद शिखराला जाणारे यात्रेकरू उतरतात, सीझनमध्ये सगळा डबा रिकामा होतो. तलवकेलेच्या आधी सेंट क्लेअर धबधबा दिसतो. नानू ओयाला नुवारा एलियावाले उतरतात. या पट्ट्यात दोन्ही बाजूंना चहाच चहा, पहिला तासभर वा वा होतं, नंतर खरं सांगायचं तर सवय होते, मुलगी झोपली, नवरा झोपला.

मी मात्र खाण्यात गुंतले होते. वडेवाले चढतात, टोपल्या घेऊन, "वडे वडे वडे वडे" असं एका दमात ओरडत, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कर्जत आलं की काय असंच वाटलं. इस्सो वडे म्हणजे डाळीच्या चपट्या वड्यावर आख्खी कोळंबी डोक्यासकट बसवलेली, तळताना ती वड्यात रुतून बसते, कडा एकदम कुरकुरीत आणि मधे डाळ जरा भरड. व्हेजवाल्यांना परिप्पू वडे, ती आपली डाळवडीच पण जाड आणि आत सुकी लाल मिरची आणि कढीपत्ता. वर चिरलेला कांदा, मीठ, तिखट. आणि बांधून काय दिलं तर शाळेच्या वहीचं पान! माझ्या पुडीवर कुणाच्या तरी सुवाच्य सिंहली अक्षरात गणित सोडवलेलं होतं, भागाकार, खाली लाल पेनने बरोबरची खूण, आणि तेलाने पान असं पारदर्शक झालेलं की पलीकडचं गणितही वाचता यावं. अननसाला तिखट-मीठ लावून पिशवीत देतात तेही सोडू नका. पॅन्ट्री वगैरेच्या भरवशावर राहू नका, वडेवाले हीच पॅन्ट्री.

नानू ओया सोडलं की पट्टिपोला, देशातलं सगळ्यात उंच स्टेशन, १८९१ मीटर. बोर्डावर लिहिलेलं आहे. इथे थंडी वाजते, खरोखर वाजते, शाल ठेवा वर. पुढे चढाचा शेवटचा टप्पा आणि मग एक बोगदा येतो, त्याच्या या तोंडाशी धुकं, पाऊस, खिडक्या बंद, आणि त्या तोंडाला लख्ख ऊन! हे काही नशिबाने नाही झालं, डोंगराची धारच तिथे आहे, पश्चिमेकडचा पावसाळा एका अंगाला अडतो आणि पलीकडचा उवा प्रांत कोरडा, आपल्या घाटमाथा आणि देशासारखं, फक्त तिकडे हे दोन मिनिटांत होतं. डब्यातले स्थानिक लोक बोगद्याच्या आधीच काचा वर सरकवून खिडक्या उघडायला लागले होते, त्यांना माहीत असणार.

ओहिया, इदलगशिन्ना, हपुतले हा मला सगळ्यात आवडलेला दुसरा तुकडा. इदलगशिन्नाला तर स्टेशन डोंगराच्या खिंडीवर असं बसवलंय की दोन्ही खिडक्यांतून दरी, कुठली बघू असं होतं. आम्ही मुक्काम हपुतलेला केला, एलाला नाही, आणि याबद्दल घरातल्या घरात अजून वाद आहे कारण मुलीला एला हवं होतं. एला म्हणजे कॅफे, पिझ्झा, स्कूटी, आणि जो तो कॅमेरा घेऊन. वाईट नाही, पण श्रीलंकेत आलोय असं वाटत नाही.

आता ऐका, महत्त्वाचं. तो प्रसिद्ध नऊ कमानींचा पूल एलाच्या पुढे आहे. म्हणजे कँडीहून येऊन जे एलाला उतरतात त्यांची गाडी त्या पुलावरून जातच नाही! ते दुसऱ्या दिवशी चालत पुलाजवळ जातात आणि दुसऱ्यांच्या गाडीचे फोटो काढतात. पूल १९२१ चा, ९१ मीटर लांब, २४ मीटर उंच, दगड, विटा आणि सिमेंट, पोलाद अजिबात नाही. पहिल्या महायुद्धामुळे पोलाद मिळालं नाही म्हणून गावातल्या एका माणसाने विटांचा बांधून दिला अशी गोष्ट तिथे सगळे गाईड सांगतात, गोष्ट म्हणून छान आहे. वळणावर असल्यामुळे गाडीत मागच्या डब्यात बसलात तर आपलंच इंजिन पुलावरून जाताना दिसतं.

आणि त्याच्या पुढे देमोदरा. इथे डोंगर एवढा तीव्र उतरतो की रुळाला सरळ उतरायला जागाच नाही, म्हणून गाडी स्टेशनवरून निघते, डोंगराला पूर्ण वेढा घालते आणि बोगद्यातून बरोबर त्याच स्टेशनच्या खालून बाहेर पडते. अण्णा या एका गोष्टीसाठी आले होते असं म्हणायला हरकत नाही. आमच्या डब्यात एलानंतर आम्ही आणि सात-आठ शाळेची पोरं एवढेच उरलो होतो, अण्णा एका दारातून दुसऱ्या दारात, "आत्ता वर होतो ना, बघ, आता खाली आलो!" पोरं त्यांच्याकडे बघून हसत होती, त्यांचा तो रोजचा रस्ता.

अजून एक रेल्वेवाल्यांसाठी. डोंगरातल्या या सिंगल लाईनवर अजून टॅब्लेट पद्धत चालते. स्टेशन आलं की पांढऱ्या कपड्यातले स्टेशन मास्तर, हात लांब केलेला माणूस, आणि ड्रायव्हरच्या बाजूने एक मोठं कडं खाली येतं, दुसरं वर जातं, कड्याला चामडी पाकीट आणि त्यात धातूची चकती. दोन स्टेशनांतली मशिनं तारेने एकमेकांना अशी बांधलेली की एक चकती बाहेर निघाली की ती परत मशिनात जाईपर्यंत दुसरी निघतच नाही, त्यामुळे दोन गाड्या समोरासमोर यायचा प्रश्नच नाही. आपल्याकडे जुने रेल्वेवाले ज्याला गोळा म्हणायचे तेच काम. नानू ओयाला गाडी थांबली होती तेव्हा अण्णा उतरून मास्तरांच्या खिडकीशी गेले, मोडक्या इंग्रजीत "आय रेल्वे, गार्ड, इंडिया" एवढं म्हणाले, मास्तरांनी दार उघडून आत घेतलं आणि ते लाल मशिन दाखवलं. घंटेचे ठोके ऐकून अण्णांनी लाईन क्लिअर, म्हणजे पुढचा रूळ मोकळा, हे ओळखलं म्हणे. गाडी आता सुटेल म्हणून आमचा इकडे जीव वर-खाली, आणि ते येतायत रमतगमत, म्हणतात, "अगं, चकती तर आत्ता माझ्यासमोर काढली, ती ड्रायव्हरला दिल्याशिवाय कशी सुटेल?"

आता भानगड, तिकिटं. रिझर्व्हेशन ३० दिवस आधी उघडतं, ऑनलाईन मिळतं, पण कँडी-एलाची खिडकीची सीट सीझनमध्ये उघडल्या उघडल्या जाते. मग एजंट. आम्ही कोलंबोतल्या एका एजंटकडून घेतली, जवळपास तिप्पट भाव, आदल्या रात्रीपर्यंत तिकीट हातात नाही, आणि सांगितलं होतं सेकंड, दिली फर्स्ट एसी, वर म्हणतो की अपग्रेड आहे मॅडम. कसलं डोंबलाचं अपग्रेड! फर्स्ट एसीच्या काचा उघडत नाहीत, या लाईनवर उघडी खिडकी नसेल तर जायचंच कशाला. शेवटी अर्धा प्रवास आम्ही शेजारच्या थर्डमध्ये उभं राहून केला आणि तोच जास्त मजेत गेला. म्हणून माझा स्पष्ट सल्ला, सेकंड रिझर्व्ह्ड मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर थर्ड रिझर्व्ह्ड, आणि काहीच नाही मिळालं तर अनरिझर्व्ह्ड. ते त्याच दिवशी खिडकीवर मिळतं, संपत नाही, आणि स्वस्त इतकं की कँडी ते एला आपल्या शंभर-दीडशे रुपयांच्या आतबाहेर. फक्त बसायला मिळेलच असं नाही, पण डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडणाऱ्या माणसाला कुणी गर्दीची भीती घालू नये. वयस्कर बरोबर असतील तर मात्र रिझर्व्ह्डच करा, एजंटच्या नादी न लागता वेळ धरून स्वतः बसा कॉम्प्युटरसमोर. एला ओडिसी नावाची टुरिस्टांची गाडी आहे, महाग आहे, फोटोसाठी थांबते, आम्ही घेतली नाही.

तिकीट शेवटपर्यंत सांभाळा, बाहेर पडताना गेटवर काढून घेतात. अनरिझर्व्ह्डला अजून ठिकठिकाणी ते जुनं जाड पुठ्ठ्याचं छोटं तिकीट मिळतं, आठवण म्हणून ठेवावंसं वाटतं आणि नेमकं तेच द्यावं लागतं. अण्णांनी बदुल्लाला मागून बघितलं, गेटवरच्या माणसाने हसून मान हलवली आणि घेतलंच.

दारात लोंबकळू नका, हे मी आई म्हणून नाही सांगत, बोगद्याचं तोंड आणि डबा यात वीतभर जागा असते, विदेशी पर्यटक दारातून पडून मेल्याच्या बातम्या आल्यात. आणि डोंगरातली लाईन आहे, दरडी कोसळतात. नोव्हेंबर २०२५ च्या दित्वा चक्रीवादळाने या मार्गाचं फार मोठं नुकसान केलं, आम्ही त्याच्या आधी जाऊन आलो होतो, त्यामुळे आता जाणाऱ्यांनी कुठून कुठपर्यंत गाड्या चालू आहेत ते बघूनच हॉटेलं बुक करा.

कोस्टल लाईनबद्दल थोडक्यात. फोर्टहून गॉलला जाणारी गाडी कोलंबोतच समुद्राला येऊन मिळते आणि मग कितीतरी वेळ लाटा आणि रूळ यात फक्त दगडांची एक रांग, उजवीकडे बसा. आपल्या कोकण रेल्वेला समुद्र असा दिसतच नाही, हे लोक म्हणजे समुद्राच्या उंबऱ्यावरून गाडी नेतात. त्याचीच किंमत २००४ मध्ये मोजली. २६ डिसेंबरला त्सुनामी आली तेव्हा मातारा एक्स्प्रेस पेरालियाजवळ थांबलेली होती, पहिल्या लाटेनंतर आसपासचे गावकरी गाडी सुरक्षित म्हणून तिच्यात चढले, आणि दुसरी मोठी लाट गाडीच घेऊन गेली. १७०० च्या वर माणसं गेली असा अंदाज आहे, एका गाडीत इतकी माणसं जगात कुठेच गेली नाहीत. हिक्कडुवाच्या जवळ स्मारक आहे, आणि एका घरात फोटोंचं छोटं म्युझियम. तिथे बाकीचं काही बघायला नाही, तरी उतरा. त्या गाडीचं कॅनडातून आलेलं इंजिन नंतर दुरुस्त करून पुन्हा चालवलं.

उत्तरेची जाफना लाईन आम्ही केली नाही पण अण्णांनी तिचा सगळा अभ्यास करून ठेवलाय म्हणून लिहिते. याळ देवी गाडी १९५६ मध्ये सुरू झाली, १९९० मध्ये तिथल्या यादवी युद्धात बंद पडली, रूळ-स्लीपर उखडून बंकरला वापरले, आणि २०१४ मध्ये आपल्या इरकॉन या सरकारी कंपनीने लाईन परत बांधून दिल्यावर गाडी पुन्हा जाफनाला गेली. आणि एके काळी तर मद्रासहून थेट कोलंबोचं तिकीट मिळायचं! १९१४ पासून, पांबन पुलावरून धनुष्कोडी, तिथून बोटीने तलाईमन्नार, पुढे परत रेल्वे. १९६४ च्या डिसेंबरात वादळाने धनुष्कोडीच पुसून टाकली आणि तो रस्ता गेला, नंतर रामेश्वरमहून काही वर्षं बोट होती तीही युद्धात बंद.

पण आता नागपट्टिनम ते कांकेसंतुरै फेरी चालू झालीय, आणि कांकेसंतुरै हे उत्तरेच्या रेल्वेचं शेवटचं स्टेशन आहे. म्हणजे मुंबईहून रेल्वेने चेन्नई, तिथून नागपट्टिनम, बोटीने पलीकडे, आणि तिकडून रेल्वेने कोलंबो असं विमानाशिवाय जमू शकतं. पासपोर्ट आणि ऑनलाईन प्रवासी परवानगी आधी करून ठेवा, फेरी समुद्र खवळला की बंद ठेवतात, तेव्हा मधे दोन दिवस मोकळे सोडा. यातलं मुंबई-चेन्नईचं वेटिंग लिस्टचं काय ते तुमचं तुम्ही बघा.